दाजींचं नाक आणि पानेवाडीची वाट

संध्याकाळी बेळगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मनमाड येतं. मधे कुठे उतरायचं नाही, गाडी बदलायची नाही. आमच्या आक्काचं लग्न १९८७ साली झालं तेव्हा असं नव्हतं. बेळगाव ते मिरज छोटी गाडी, मिरजेला सगळं वऱ्हाड ट्रंका-वळकट्या घेऊन मोठ्या गाडीत चढायचं. त्या धावपळीत कुंद्याचा एक डबा मिरजेच्या फलाटावर राहिला, त्याची हळहळ आमच्या आईनं पुढं वीस वर्षं केली. "एवढ्या लांब पोरगी दिली" असं म्हणायची वेळ आली की तिला आधी तो डबाच आठवे.

गेल्या डिसेंबरात मी पुन्हा तशीच कुंदा घेऊन निघाले. डबा या वेळी मांडीवरच ठेवला होता.

नगर (आता अहिल्यानगर) मागं पडलं की उजाडतं. राहुरी, श्रीरामपूर, पुणतांबा, कोपरगाव. या पट्ट्यातून जाताना मला परमुलखात आल्यासारखं कधी वाटत नाही, कारण खिडकीतून येणारा वास आमच्याकडचाच असतो. साखर कारखान्याच्या मळीचा. निपाणी, संकेश्वर, कागल या बाजूच्या माणसाला हा वास डोळे मिटून कळतो. थोडा आंबूस, थोडा गोड, आणि सवय नसेल त्याला शिसारी आणणारा. समोरच्या बाकावरची दिल्लीकडची एक बाई नाकाला पदर लावून बसली होती. मी तिला म्हटलं, "याच मळीचं इथेनॉल होतं, आणि ते तुमच्या गाडीच्या पेट्रोलमध्ये जातं. २०२५ मध्ये देशभर २० टक्क्यांपर्यंत पोचलं." तिचा विश्वास बसला नाही. तिनं खिडकी लावून घेतली.

मी वासाकडं एवढं लक्ष देत होते त्याला कारण होतं. आक्कानं फोनवर सांगितलं होतं, "ये एकदा. तुझ्या दाजींचं नाक बघायला ये."

येवला गेलं की डोंगर दिसू लागतात. अनकाई-टनकाईचे जोडकिल्ले, आणि त्यांच्या पुढं आकाशात अंगठा दाखवल्यासारखा उभा असलेला सुळका. त्याला हडबीची शेंडी म्हणतात. भाचा लहान असताना त्याला वाटे की मनमाडला येणाऱ्या प्रत्येकाला डोंगर 'नाही' म्हणून अंगठा दाखवतो. आता तो इंजिनिअर होतोय आणि म्हणतो, तो अंगठा शाबासकीचा आहे.

मनमाडबद्दल बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं ते एवढंच, की इथं गाडी थांबते आणि चहा मिळतो. मोठं जंक्शन, पुलांचे लोखंडी भाग बनवणारा रेल्वेचा कारखाना, धान्याची अवाढव्य सरकारी गोदामं, नांदेडला निघालेल्या शीख यात्रेकरूंचा गुरुद्वारा. पण आक्काच्या घरात पाऊल टाकलं की या गावाची खरी खूण दिसते. स्वयंपाकघरात, न्हाणीत, जिन्याखाली, गच्चीवर पाण्याची पिंपं. मनमाडला पाण्याची ओढ पिढ्यान्‌पिढ्यांची. वाघदर्डी धरणात पाणी आटलं की नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस पाणी नाही, असे उन्हाळे आक्कानं कितीतरी काढले. आणि त्याच गावाच्या शिवारात, जमिनीखालून, रात्रंदिवस पेट्रोल आणि डिझेल वाहत येतं. मुंबईच्या माहुलकडच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून सह्याद्री ओलांडून १९९८ साली इथवर पाइपलाइन आली. लांबी अडीचशे किलोमीटर. पुढं तीच इंदूरजवळच्या मांगल्यापर्यंत आणि तिथून दिल्लीकडं गेली. म्हणजे मनमाडमध्ये पाण्याचा टँकर ही चैनीची गोष्ट आणि तेलाचा टँकर रोजचा.

त्या तेलाच्या टँकरवर आमच्या दाजींनी अठ्ठावीस वर्षं काढली. पाइपलाइन येण्याआधी माहुलहून भरून कसाऱ्याचा घाट चढायचे, नंतर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून भरून धुळे, जळगाव, संभाजीनगर. दाजींच्या नाकाची ख्याती होती. टँकरवरच्या पोरांनी बाटलीचं झाकण उघडून दाजींच्या समोर धरायचं आणि दाजींनी सांगायचं, "हे नवं डिझेल", "यात रॉकेल आहे", "हे टाकीच्या तळाचं आहे, पाणी लागलंय". मी स्वतः पाहिलंय. आम्ही लहान मुली त्याला जादू म्हणायचो.

२०२१ च्या एप्रिलात दाजींना करोना झाला. जिवावरचं दुखणं टळलं, पण नाक गेलं.

सहा महिने काहीच वास येत नव्हता. नंतर आला तो भलताच. चहाचा वास जळक्या रबरासारखा, कांद्याची फोडणी म्हणजे गटार, आंघोळीचा साबण नासलेल्या मांसासारखा. आक्काच्या हातचं जेवण पुढ्यात आलं की हे तोंड फिरवायचे. तीस-पस्तीस वर्षं ज्या हातचं आवडीनं खाल्लं त्याच ताटावरून नवरा उठून जातो, हे बाईला काय वाटत असेल ते तिनं मला सांगितलं नाही. पण या चार वर्षांत तिच्या हाताची चव मंदावली आहे. ती आता तिखट-मीठ भीतभीत घालते.

नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना वासाचा व्यायाम सांगितला आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. चार बाटल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरायची, वीसेक सेकंद हळूहळू हुंगायची, आणि हुंगताना तो वास पूर्वी कसा होता ते आठवायचं. हा उपाय जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००९ च्या सुमारास मांडला आणि करोनानंतर जगभर घरोघरी गेला. दाजी पहाटे गच्चीवर पिंपांच्या मधोमध पाटावर बसून हे करतात. जपाला बसल्यासारखे. मी विचारलं, "कितपत कळतं?" म्हणाले, "लवंग कधी कधी येते. गुलाब मेलाच."

त्यांना एक गोष्ट मात्र पटत नव्हती. परवा रस्त्यात एका टँकरचं डिझेल सांडलं होतं, तिथं उभं राहूनही त्यांना डिझेलचा वास म्हणून ओळखीचं काही लागलं नाही. "डिझेलसुद्धा गेलं," म्हणाले. यावर भाच्यानं समजूत घातली ती मला महत्त्वाची वाटली. दाजींच्या उमेदीच्या काळातल्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असे. १९९० च्या सुमारास तर टक्क्यापर्यंत चालायचं. ते टप्प्याटप्प्यानं कमी करत एप्रिल २०२० पासून दहा लाख भागांत फक्त १० भाग एवढंच ठेवायची मुभा आहे. जुन्या डिझेलच्या उग्र दर्पातला बराचसा गंधकाचा होता. "बाबा, तुम्ही जे डिझेल शोधताय ते पंपावरच राहिलं नाही," भाचा म्हणाला. दाजींना ते ऐकून बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.

दुपारी भाच्यानं गाडी काढली आणि आम्ही पानेवाडीकडं निघालो. आक्का आली नाही. "मला नको तो रस्ता," म्हणाली.

नांदगावच्या वाटेवर मनमाड सोडलं की माळरान लागतं. काळी कमी आणि मुरमाड जास्त अशी जमीन, कुठं कांदा, कुठं बाजरीचे धसकट, मधूनच बाभळी. आणि मग एकदम पांढऱ्या गोल टाक्या. तटबंदीसारख्या भिंती, काटेरी तारा, उंच दिवे, आणि रस्त्याच्या कडेला टँकरांची रांग. चालक खाली उतरून सावलीला पत्ते खेळत बसलेले. प्रत्येक टँकरच्या मागं 'अत्यंत ज्वलनशील' आणि त्याखाली कुणाच्या तरी आईचं नाव.

दाजी गाडीतूनच दाखवत होते. त्या टाक्यांत येणारी पाइपलाइन एकच, पण तिच्यातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल असे वेगवेगळे माल येतात. एकामागून एक. मधे पडदा नाही, बूच नाही, नुसता एकाच्या मागं दुसरा ढकललेला. मग एकमेकांत मिसळत नाहीत का? मिसळतात, पण फक्त सांध्यावर. तेवढा मिसळलेला भाग वेगळ्या टाकीत वळवायचा. तो सांधा आला हे कसं कळतं? घनतेवरून. पेट्रोल हलकं, घनमीटरला ७२० ते ७७५ किलो. डिझेल ८०० च्या वर. रॉकेल दोघांच्या मधे. पाइपात बसवलेला घनतामापक आकडा बदलला की सांगतो, नवा माल आला. काही पाइपलाइनींत तर पेट्रोल आणि डिझेल यांच्यामध्ये मुद्दाम रॉकेलचा तुकडा सोडतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडं मिसळलं तरी निभतं. जे रॉकेल पाइपात दोन तेलांना वेगळं ठेवायला वापरतात, तेच पाइपातून बाहेर आल्यावर दोघांत भेसळ करायला वापरलं गेलं.

यात पैसा किती होता ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. २०११ च्या सुरुवातीला रेशनचं रॉकेल लिटरला १२-१३ रुपयांना होतं आणि डिझेल चाळिशीच्या पुढं. गरिबाच्या दिव्यासाठी सरकारनं स्वस्त केलेलं तेल टँकरमध्ये ओतलं की लिटरमागं पंचवीस-तीस रुपये सुटत. ओळखू यावं म्हणून त्याला निळा रंग दिला, तर रंग काढणारे निघाले. २००६ साली पेट्रोल-डिझेलमध्ये शिरलेलं रॉकेल पकडण्यासाठी परदेशी खूणद्रव्य मिसळायला सुरुवात झाली, ती खूणही पुसता येते असं दिसलं आणि दोन-अडीच वर्षांत ते बंद पडलं.

रस्ता थोडा पुढं गेला आणि दाजी बोलायचे थांबले. मी काही विचारलं नाही. या रस्त्यावर काय झालं ते महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे या वाटेनं जात होते. एका ढाब्याजवळ टँकरमधून तेल काढण्याचा प्रकार चालला आहे असं दिसलं म्हणून ते उतरले, मोबाइलवर चित्रण करू लागले. त्यांना मारहाण झाली आणि इंधन ओतून जिवंत जाळलं. भर दिवसा. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताकदिन होता, त्याच्या पुढच्या दिवशी राज्यभरचे सरकारी कर्मचारी कामावर गेले नाहीत. मुख्य आरोपीही त्या आगीत भाजला होता, तो काही दिवसांनी मेला.

त्याआधी पाचेक वर्षं, १९ नोव्हेंबर २००५ ला, उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यात मंजुनाथ षण्मुगम या सत्तावीस वर्षांच्या अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या होत्या. इंडियन ऑइलचा तो विक्री अधिकारी. भेसळीचं इंधन विकणाऱ्या पंपावर त्यानं कारवाई केली होती. पोरगा आमच्या कर्नाटकातला, कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावात वाढलेला. बेळगावच्या कानडी दैनिकांत तेव्हा त्याच्या आईवडिलांचे फोटो आले होते, ते मला अजून आठवतात.

दोन्ही माणसं गेली ती एका साध्या प्रश्नापायी. समोरच्या बाटलीत जे आहे ते डिझेल आहे, की डिझेल आणि आणखी काही?

संध्याकाळी भाच्यानं ज्या वस्तूसाठी मला बोलावलं होतं ती मागच्या अंगणात मांडली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा त्याचा प्रकल्प. बुटांच्या खोक्याएवढी पेटी, आत सहा छोटी डबडी, प्रत्येक करंगळीच्या पेराएवढं, तोंडाशी बारीक जाळी; एक छोटा पंखा; तारांचं जंजाळ आणि लॅपटॉप. "मावशी, हे नाक," तो म्हणाला. इलेक्ट्रॉनिक नाक.

मी बी.ए. मराठीची बाई. मला कळलं ते असं. त्या डबड्यात कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो तापवून ठेवतात, दोन-तीनशे अंशांपर्यंत. हवेतला प्राणवायू त्या थराला चिकटतो आणि त्यातले विजेचे कण धरून ठेवतो, म्हणून वीज अडखळत वाहते. मग पेट्रोल, डिझेल, दारू, धूर अशा कशाची वाफ आली की ती त्या प्राणवायूशी संयोग पावते, धरलेले कण सुटतात आणि वीज मोकळी वाहू लागते. किती मोकळी झाली ते मोजायचं. जपानच्या नाओयोशी तागुची या गृहस्थांनी १९६२ साली हे शोधलं, ते घरगुती गॅसची गळती कळावी म्हणून. आपल्याकडं लोकांनी शेगडीजवळ लावलेली गॅसची घंटा याच जातीची.

पण एकटं डबडं मूर्ख असतं. त्याला गॅसही तसाच आणि दारूही तशीच. १९८२ साली इंग्लंडात वॉरिक विद्यापीठात कृष्णा पर्सॉड आणि जॉर्ज डॉड यांनी युक्ती काढली, ती आपल्याच नाकावरून. वेगवेगळ्या स्वभावाची डबडी एकत्र बसवायची. एक दारूला जास्त भुलणारं, एक गॅसला, एक धुराला. मग एकेकाचं न ऐकता सगळ्यांचं मिळून काय म्हणणं पडतं ते बघायचं. पेटीत बारा स्वर आहेत म्हणून बाराच राग थोडेच निघतात? माणसाच्या नाकात वास पकडणाऱ्या जाती सुमारे ४०० आहेत आणि मेंदू त्यांच्या एकत्रित खुणेवरून वास ओळखतो. हे उलगडण्याबद्दल रिचर्ड ॲक्सल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. चारशेच्या जागी सहा. म्हणून भाचा फार बढाई मारत नाही.

आणि या नाकाला शिकवावं लागतं. हे शुद्ध डिझेल, हे दहावा भाग रॉकेल घातलेलं, हे पाचवा भाग. पुन्हा पुन्हा हुंगवायचं. मधे स्वच्छ हवा सोडून धुवून काढायचं. लॅपटॉपवर प्रत्येक वेळेचा एक ठिपका पडतो आणि हळूहळू ठिपक्यांचे पुंजके होतात, अंगणात वेगवेगळ्या धान्याच्या राशी घालाव्यात तसे. दाजी खुर्चीत बसून बघत होते. "म्हणजे यालाही व्यायाम," एवढंच म्हणाले.

रॉकेल कुठून आणलं म्हणाल, तर तीही गंमतच. आता रॉकेल मिळतं कुठं? २०२० पासून त्यावरचं केंद्राचं अनुदान शून्यावर आलं, घरोघरी गॅस आला. आक्कानं माळ्यावरून जुनी बाटली काढून दिली. स्टोव्हच्या काळातली, निळं रॉकेल अर्धी बाटली, पुन्हा कधी लागेल म्हणून ठेवलेलं. आमच्या पिढीतली बाई रॉकेल टाकून देत नाही.

पेट्रोल मात्र भाच्यानं अंगणात येऊ दिलं नाही. त्याच्या डबड्यांना बारीक जाळी आहे, खाणीतल्या दिव्याला हंफ्री डेव्हीनं बसवली होती तशी, आतली आग बाहेर जाऊ नये म्हणून. तरीसुद्धा तापलेली वस्तू आणि पेट्रोलची वाफ घरात एकत्र नको. सगळं काम डिझेलवर. आणि डिझेलवरच हे नाक जास्त चालतं, त्याचं कारण साधं आहे. रॉकेल डिझेलपेक्षा लवकर उडतं. म्हणजे डिझेलमध्ये रॉकेल घातलं की बाटलीच्या गळ्यातली वाफ वाढते, आणि नाकाला तेवढीच वाफ कळते. उलट पेट्रोलमध्ये रॉकेल घातलं तर पेट्रोल स्वतःच इतकं उडतं की त्या गलक्यात रॉकेलचा आवाज दबतो. त्यात आता २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला ही डबडी फारच भुलतात. आणि पेट्रोलसारखंच उडणारं एखादं द्रावण कुणी मिसळलं तर सहा डबड्यांचं हे नाक फसण्याचीच शक्यता.

परीक्षा घ्यायची जबाबदारी माझ्याकडं आली. पंपावरून सकाळी आणलेलं डिझेल, त्यातच दहावा भाग रॉकेल, पाचवा भाग रॉकेल. सारख्या बारा बाटल्या, तळाला चिठ्ठ्या. मी पदराआड त्यांची सरमिसळ केली. भाच्यानं एकेक बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, नळी लावायची, दोन मिनिटं थांबायचं. पहिल्या पाच बरोबर. सहावी चुकली. सातवी चुकली. आठव्या वेळेला लॅपटॉपवरची रेघ आभाळाला भिडली आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून चर्रर्र झालं. आक्कानं आमटीला फोडणी दिली होती. मोहरी-हिंगाची ती वाफ खिडकीतून थेट पेटीवर.

"आई!" भाचा ओरडला.

"मग काय उपाशी राहायचं?" आतून उत्तर आलं.

आक्काची आमटी होईपर्यंत आम्ही थांबलो, पुन्हा सुरुवात केली. बारापैकी दहा बरोबर आल्या. चुकलेल्या दोन्ही दहाव्या भागाच्या. पाचव्या भागाची एकही चुकली नाही.

भाच्याला यातून काय मिळणार? त्यानं मला स्पष्टच सांगितलं. हे नाक कोर्टात चालत नाही. पंपावर संशय आला तर नमुने सीलबंद होऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातात, तिथं घनता, कोणत्या तापमानाला किती भाग उकळतो ते, गंधक, ऑक्टेन असं सगळं तपासतात, आणि निकाल तोच. नाकाचं काम एवढंच, की शंभर बाटल्यांतल्या कोणत्या दहा प्रयोगशाळेत पाठवायच्या ते तिथल्या तिथं सांगणं. डबडी जुनी होतात, दमट हवेत वेगळं बोलतात, म्हणून पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. तोवर तुमच्याआमच्या हाती आहे ते पंपावर घनता बघायला मागणं आणि पेट्रोलसाठी गाळण कागद मागणं. त्यावर थेंब टाकायचा. तो उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. हे मागायचा हक्क आपल्याला आहे. मी आजवर एकदाही मागितलेला नाही.

पाचव्या भागाची शेवटची बाटली दाजींनी हातात घेतली. झाकण उघडून नाकाशी धरली, बराच वेळ. मग खाली ठेवली.

"तेवढंच होतं," म्हणाले. "पाचवा भाग."

आम्हाला वाटलं वास आला. तसं नव्हतं. ते वीसेक वर्षांपूर्वीचं सांगत होते. कुठल्याशा ढाब्यावर, कुठल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जेवायला थांबले. मालकाच्या पोरानं टँकर मागं घ्यायला सांगितला. दाजी जेवत राहिले. परत येऊन झाकण उघडून बघितलं तर टाकी भरलेली होती, पण वास बदललेला. "तेव्हा मला नाक होतं. मी ओळखलं. तीनशे रुपये खिशात होते. तसाच टँकर नेला आणि पंपावर ओतला." एकदाच? "दोनदा," म्हणाले. मग म्हणाले, "तीनदा."

भाचा लॅपटॉप बंद करत होता, त्याचा हात थांबला.

इथं मला आमच्या भाऊची गोष्ट सांगायला हवी. भाऊचा टेम्पो होता. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला न्यायचा. त्याच सुमाराची गोष्ट. वाटेतल्या एका पंपावर डिझेल भरलं आणि काही दिवसांत गाडी घाटात मरू लागली. मिस्त्रीनं पंप उघडून दाखवला, आतला दट्ट्या घासून गेला होता. डिझेलच्या गाडीत इंधनपंपाला वंगण असतं ते डिझेलचंच. रॉकेलमध्ये तो चिकटपणा नाही, म्हणून धातू धातूला खातो. दुरुस्तीला पैसे नव्हते, बँकेचे हप्ते थकले, टेम्पो विकला. भाऊ मग दहा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर चालक होता. दर दिवाळीला भाऊबीजेला सगळे जमले की भाऊ ती गोष्ट सांगायचा, भेसळ करणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायचा, आणि आम्ही हसायचो. दाजी समोरच बसलेले असायचे. खाली मान घालून करंजी खात.

दाजींचं तेल बेळगावकडं कधी येत नव्हतं. ते धुळे-जळगावला जायचं. हे मी त्यांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "जळगावला कुणाचा भाऊ नसतो काय?"

आक्का दारात पळी घेऊन उभी होती. तिला माहीत होतं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून मला चाळीस वर्षांच्या सवयीनंही कळलं नाही. "पानं घेतलीयत," म्हणाली. दाजी जेवायला बसले. आमटी ताटात घेतली आणि सगळी संपवली. वास येत होता की नव्हता, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मला परत निघायचं होतं. आक्कानं आम्हाला दीड तास आधीच स्टेशनवर आणून बसवलं. २०२३ च्या जुलैत गोवा एक्स्प्रेस मनमाडहून वेळेच्या दीड तास आधीच सुटली होती आणि पंचेचाळीस प्रवासी फलाटावर राहिले होते. मनमाडकर ते विसरलेले नाहीत. ती दिल्लीकडं जाणारी होती, माझी बेळगावकडची, हा फरक आक्काला मान्य नव्हता.

तेवढ्या वेळात मी दाजींना म्हटलं, "भाऊला सांगू का?" ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा. फोन लावून देते." त्यांनी मान हलवली, नको म्हणून. गाडी आली, त्यांनी माझी पिशवी आत ठेवली, आणि आक्कानं रिकाम्या कुंद्याच्या डब्यात भरून दिलेला चिवडा माझ्या मांडीवर ठेवला.

गोदावरीचा पूल गेला, पुन्हा मळीचा वास सुरू झाला, तेव्हा माझा फोन वाजला. भाऊ होता.

"काय गं, दाजी बरे आहेत न्हवं?"

"बरे आहेत की. का?"

"आत्ता फोन आलता त्यांचा. तासभर बोलले. आयुष्यात कधी दोन मिनिटांच्या वर बोलला नाही तो माणूस. काय काय डिझेलचं सांगत होते, जळगाव म्हणाले, तीनशे रुपये म्हणाले. मला काय समजंना." भाऊ थोडा थांबला. "शेवटी म्हणाले, भाऊबीजेला यंदा ती गोष्ट सांगू नकोस. मी सांगतो."